मालिकेतलं वय कॅमेऱ्यानं कसं घडवावं

सेटवर वयाचा विषय निघाला की सगळे मेकअप रूमच्या दाराकडे बघतात. केस किती पांढरे करायचे, सुरकुत्या कुठून कुठपर्यंत, विग लागेल का. प्रश्न बरोबरच आहेत, पण ते निम्मंच काम आहे. तोच नट, तोच मेकअप, खुर्चीसुद्धा जागची न हलवता नुसता दिवा डोक्यावर नेलात की माणूस थकलेला, उतारवयाचा दिसतो. तोच दिवा लेन्सशेजारी आणलात की ती वर्षं पुसली जातात. मेकअप वय रंगवतो. त्यातलं किती दिसावं आणि कुणाच्या नजरेनं दिसावं, हे कॅमेरा ठरवतो. या उरलेल्या निम्म्या कामाबद्दल, मालिका चित्रित करणाऱ्या, दिग्दर्शन किंवा संकलन करणाऱ्या आणि या कामात नव्यानं उतरणाऱ्या मंडळींसाठी हा लेख आहे.

आधी कागदावर

संहिता हाती आली की प्रत्येक मुख्य पात्रासाठी तीन रकाने आखा. पहिल्यात नटाचं खरं वय, दुसऱ्यात पात्राचं वय, तिसऱ्यात या प्रसंगात पात्राकडे कोण बघतंय ते. पहिले दोन सगळेच लिहितात. माझा जीव तिसऱ्यात आहे. अठ्ठावन्न वर्षांची एक बाई धरा. मुलीच्या नजरेत ती दमलेली आई आहे, कचेरीत तिच्या शब्दावर निर्णय होतात, आणि रात्री आरशासमोर एकटी असते तेव्हा तिला स्वतःत अजून पंचविशीतली मुलगी दिसते. एकाच भागातले हे तीन प्रसंग एकाच दिव्यानं आणि एकाच लेन्सनं घेतले, तर आपण तिचं वय फक्त नोंदवलं. तिचं आयुष्य त्यात आलं नाही.

पहिल्या दोन रकान्यांतला फरक पाच-सात वर्षांचा असेल, तर माझ्या अनुभवात प्रकाशयोजना, लेन्सचं अंतर आणि केशरचना एवढ्यावर भागतं. दहा-पंधरा वर्षांचा असेल तर मेकअपला खरंच काम आहे. त्यापुढे गेलात तर दुसरा नट घ्यायचा, प्रोस्थेटिक (चेहऱ्यावर चिकटवायचे कृत्रिम भाग) करायचं की व्हीएफएक्स (संगणकावरचा चेहराबदल), हा निर्णय निर्मात्यासोबत चित्रीकरणाआधीच घ्या. सेटवर उभं राहून तो निस्तरता येत नाही.

अर्ध्या दिवसाची चाचणी

चाचणीला वेळ नाही असं प्रत्येक वेळी सांगितलं जातं. तरीही अर्धा दिवस मागून घ्या. नटाला मेकअप आणि पोशाखासह खुर्चीत बसवा, दिवा स्थिर ठेवा आणि चेहरा चौकटीत तेवढाच मोठा राहील अशा बेतानं तीन शॉट घ्या: अडीच फुटांवरून २५ मिमी लेन्स, पाच फुटांवरून ५० मिमी, दहा फुटांवरून १०० मिमी. अंतर दुप्पट केलं की फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सवरचा मिमीचा आकडाही दुप्पट, म्हणजे चेहऱ्याचा आकार साधारण तोच राहतो.

आता तिन्ही चित्रं शेजारी ठेवा. अडीच फुटांवरून नाक पुढे आलेलं दिसेल, कान मागे सरकलेले, डोळ्यांखालचा उंचसखलपणा उठून आलेला. दहा फुटांवरून चेहरा रुंद आणि सपाट, गाल भरलेले. लेन्स चेहरा बदलते असं आपण सवयीनं म्हणतो, पण बदल घडवतं ते अंतर. लेन्स फक्त चौकट कापते. हे डोक्यात पक्कं बसलं की निवड सोपी होते. चेहऱ्यावरची वर्षं उठून दिसावीत असं वाटत असेल तर कॅमेरा जवळ न्या, ती निवळावीत असं वाटत असेल तर मागे या आणि लांब लेन्स लावा.

एक गोष्ट मात्र सांभाळायला हवी. जवळच्या कॅमेऱ्यात जवळीक असते. प्रेक्षकाला आपण त्या माणसाच्या श्वासाच्या अंतरावर आहोत असं वाटतं. वय झाकण्याच्या नादात ज्येष्ठ नटाला दर वेळी दहा फुटांवरून टिपलंत, तर चेहरा नितळ येईल, पण माणूस आपल्यापासून दूर बसल्यासारखा वाटेल. तरुण पात्र हाताच्या अंतरावर आणि वयस्क पात्र काचेपलीकडे, अशी वाटणी मालिकांमध्ये नकळत होते आणि भागामागून भाग तशीच चालू राहते. चाचणीत हे डोळ्यांनी पाहिलं की मन आपोआप सावध होतं.

दिवा कुठून येतो

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सुरकुती म्हणजे कातडीतली बारीक घळ. घळ दिसते ती तिच्यात पडलेल्या सावलीमुळे, आणि सावली पडायला उजेड त्या घळीला आडवा यावा लागतो. म्हणून कोणती सुरकुती दिसेल हे दिव्याच्या दिशेवर ठरतं. कपाळावरच्या रेषा आडव्या असतात, त्यांना वरून येणारा उजेड उठाव देतो. भुवयांमधल्या आणि ओठांवरच्या रेषा उभ्या, त्या बाजूच्या उजेडात दिसतात. डोळ्यांखालच्या पिशव्या वरच्या दिव्यात खोल होतात. मानेवरचे उभे पट्टे बाजूनं उठतात, आडव्या वळ्या वरून. गॅफरला, म्हणजे दिवे सांभाळणाऱ्या प्रमुखाला, नुसतं ‘थोडं वयस्क दिसू दे’ असं सांगू नका. ‘कपाळ दिसू दे, डोळ्यांखालचं नको’ असं सांगा. मग तो दिवा मध्यम उंचीवर ठेवेल आणि खालून उजेड परतवणारा पांढरा थर्माकोल लावून डोळ्यांखालची सावली उजळेल. या सूचनेवर काम होतं.

दिव्याचा आकार हा दुसरा मुद्दा. मोठा उगम सावलीची कड मऊ करतो, लहान उगम ती धारदार करतो. पण मोठा की लहान हे चेहऱ्यापासूनच्या अंतराच्या मानानं मोजायचं. दोन फुटांचा सॉफ्टबॉक्स दोन फुटांवर जितका मऊ, तितकाच चार फुटांचा चार फुटांवर. चौकटीबाहेर जितकं जवळ नेता येईल तितकं न्या. खोली अरुंद असेल तर दिवा भिंतीवर किंवा पांढऱ्या कापडावर मारा आणि समोर डिफ्युजनची, म्हणजे उजेड मऊ करणाऱ्या कापडाची, फ्रेम धरा.

तिसरा मुद्दा फिलचा, म्हणजे सावलीची बाजू भरणाऱ्या उजेडाचा. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. उजेडाच्या आणि सावलीच्या बाजूंत एका स्टॉपचा फरक ठेवला की चेहरा निवांत, मोकळा दिसतो. तीन स्टॉपपर्यंत नेलात की प्रत्येक खाच बोलू लागते. या आकड्यांना चांगलं-वाईट नाही. सूड मनात धरून बसलेल्या म्हाताऱ्याला तीन स्टॉप शोभतील. नातवंडाला झोपवणाऱ्या त्याच म्हाताऱ्याला एक पुरे.

आणि डोळ्यांतला ठिपका विसरू नका. बुबुळात उजेडाचा कवडसा नसेल तर डोळे मेलेले दिसतात आणि माणूस वयस्क न वाटता आजारी वाटतो. छायालेखक ल्युसियन बॅलार्ड यांनी मर्ल ओबेरॉन या अभिनेत्रीसाठी अगदी लेन्सलगत बसणारा दिवा तयार केला होता. १९३७ मधल्या मोटार अपघातानं तिच्या चेहऱ्यावर व्रण राहिले होते आणि समोरून येणारा उजेड त्यांच्या सावल्या भरून काढत असे. तिच्या नावावरून तो आजही ओबी लाइट म्हणून ओळखला जातो. आपल्या कामात लहान एलईडी पॅनेल मंद करून मॅट बॉक्सवर (लेन्सपुढच्या चौकोनी झापेवर) लावलं तरी चालतं. तो चेहरा उजळण्यापुरता नको, डोळ्यांत दिसण्यापुरताच ठेवा.

रंगाचंही वयाशी नातं आहे. दिव्यात हिरवट छटा असली की कातडी निस्तेज आणि आजारी दिसते, म्हणून सेटवरच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या एलईडी एकमेकांशी जुळवून घ्या. भूतकाळाचे प्रसंग कृष्णधवल करायचे असतील तर आणखी एक सोय हाताशी आहे. लाल चॅनेलमधून, म्हणजे चित्रातल्या फक्त लाल रंगाच्या माहितीवरून, काढलेल्या कृष्णधवल चित्रात कातडी नितळ येते, कारण डाग आणि लालसरपणा उजळून जातो. निळ्या चॅनेलमध्ये तेच डाग गडद होतात. या गुणाचा थक्क करणारा वापर १९३१ च्या ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’मध्ये झाला आहे. रंगीत मेकअप करून कॅमेऱ्यापुढचे रंगीत फिल्टर बदलले आणि एकही कट न घेता नटाचा चेहरा प्रेक्षकांदेखत पालटला. आज हेच काम कलरिस्टच्या (चित्राचे रंग जुळवणाऱ्याच्या) टेबलावर शांतपणे करता येतं. त्याला फक्त ते आधी सांगायला हवं.

धुकं कुणाच्या वाट्याला

जुन्या ७२०×५७६ च्या चित्रापेक्षा ३८४०×२१६० च्या चित्रात बरोबर वीसपट पिक्सेल असतात. पूर्वी खपून जाणारी विगची कड, गालावरचा पावडरीचा थर, चिकटवलेल्या सुरकुतीचा काठ हे सगळं आता दिसतं. म्हणून आपण ब्लॅक प्रो-मिस्ट, क्लासिक सॉफ्ट, ग्लिमरग्लास असले चित्र मऊ करणारे फिल्टर काढतो, किंवा लेन्सच्या मागे काळी जाळी ताणून लावतो. साधनं चांगली आहेत. पण माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण ती फार ठिकाणी होताना बघतो.

आई-मुलीचा एक लांब प्रसंग होता, टेबलाच्या दोन बाजूंना दोघी. मुलीच्या शॉटला मी काहीच लावलं नाही आणि आईच्या शॉटला अर्ध्या ताकदीचा प्रो-मिस्ट. मॉनिटरवर एकेक शॉट सुरेख दिसत होता. संकलनात दोन्ही शॉट शेजारी आले आणि दर कटला चित्र स्वच्छ, धूसर, स्वच्छ, धूसर होऊ लागलं. जणू आईच्या बाजूच्या भिंतीला धूर लागलाय. डबिंगला त्या ज्येष्ठ अभिनेत्री आल्या, पडद्याकडे बघत राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “धुकं माझ्याच वाट्याला का?”

प्रसंग आम्ही पुन्हा घेतला. फिल्टर काढला, चार फुटांची फ्रेम चौकटीला भिडेपर्यंत जवळ आणली, टेबलावर पांढरं कापड पसरलं आणि त्यावरून उडालेल्या उजेडानं हनुवटीखालची आणि डोळ्यांखालची सावली भरली. सुरकुत्या होत्या तिथेच राहिल्या, पण आता त्या तिच्या बोलण्याबरोबर हलत होत्या. तेव्हापासून मी ठरवून टाकलं आहे की काम आधी दिव्यानं करायचं, आणि फिल्टर लावायचाच तर समोरासमोरच्या दोन्ही शॉटना तोच लावायचा. फारच गरज पडली तर ताकदीत एका पायरीचा फरक, त्यापलीकडे नाही.

स्टुडिओ कॅमेऱ्यात स्किन डिटेल नावाची सोय असते. ती ठरावीक रंगाच्या, म्हणजे कातडीच्या भागापुरतीच कृत्रिम धार कमी करते आणि डोळे, केस, कपडे टोकदार राहतात. ती जपून वापरा. त्वचेवरची छिद्रं दिसेनाशी झाली की चेहरा मेणाचा वाटतो, आणि तो प्रेक्षकाला वयापेक्षा जास्त खटकतो.

पुरुष नटांच्या सुरकुत्या बाजूच्या कडक दिव्यात भारदस्त म्हणून दाखवायच्या आणि त्याच वयाच्या स्त्रीला फिल्टरमागे ठेवायचं, ही रीत मला अन्यायाची वाटते. दोघं एकाच प्रसंगात असतील तर दोघांचा उजेड एकाच खिडकीतून आलेला दिसू द्या.

लेन्सची उंची

यात पैसे लागत नाहीत आणि फरक मोठा पडतो. पाच वर्षांच्या मुलाचा प्रसंग असेल तर लेन्स जमिनीपासून साधारण एक मीटरवर आणा. मोठ्यांचे चेहरे आपसूक वर जातील, टेबलाची कड भिंतीसारखी होईल आणि प्रेक्षक त्या मुलाच्या वयाचा होईल. मोठ्या माणसाच्या उंचीवरून मुलाला टिपलंत तर ते मूल नुसतं लहान आणि गोड दिसतं. त्याची भीती पोचत नाही.

वृद्ध पात्र बसलेलं आणि बाकीचे उभे, असा प्रसंग मालिकेत रोज येतो. इथे लेन्स बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत ठेवा. उभ्यांची डोकी चौकटीबाहेर कापली गेली तरी हरकत नाही. त्या माणसाला दिवसभर असंच दिसतं, कुणाचं तरी पोट, कुणाचे तरी हात, वरून येणारे आवाज. उलट, घर त्याच्याबद्दल त्याला वगळून बोलतंय असा प्रसंग असेल तर उभ्यांच्या उंचीवर जा आणि त्याला चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात राहू द्या. दोन्ही बरोबर आहे. कुठला घ्यायचा हे तिसऱ्या रकान्यात बघा.

हात

चेहऱ्याचं वय लपवता येतं, हातांचं कठीण जातं. तरुण नट म्हाताऱ्याचं काम करत असेल तर हातांचा इन्सर्ट (जवळून घेतलेला तुकडा) घेण्याआधी त्याला मिनिटभर हात खाली सोडून उभं राहायला सांगा, मनगटावरच्या शिरा फुगतात. उलट हवं असेल तर हात मिनिटभर वर धरून ठेवायचे, शिरा बसतात. कॅमेरा आधीच तयार ठेवा आणि लगेच शॉट घेऊन टाका, कारण हा परिणाम फार टिकत नाही.

एक उदाहरण जवळून बघू. ज्येष्ठ पात्र शर्टाच्या बाहीचं बटण लावतंय, दोनदा चुकतं, तिसऱ्यांदा लागतं. कॅमेरा ट्रायपॉडवरच ठेवा. हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून, घेतलंत तर थरथर हाताची की कॅमेऱ्याची हे कळत नाही आणि नटाची सगळी मेहनत वाया जाते. १०० मिमी लेन्स, दिवा बाजूनं आणि जरा मागून, म्हणजे बोटांच्या पेरांवरच्या घड्या आणि बटणाच्या कडेची चमक दोन्ही दिसतील. ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) २.८ वर ठेवण्याचा मोह होईल, ५.६ वर न्या, म्हणजे छिद्र लहान होऊन फोकसची खोली वाढेल. २.८ वर एवढ्या जवळून ही खोली इतकी कमी असते की थरथरणारं बोट सतत आत-बाहेर होतं आणि नजर बटणावरून उडते. पहिल्या चुकीनंतर चेहऱ्यावर कट करू नका. दुसऱ्यानंतरही नको. बटण घरात शिरलं, अंगठा क्षणभर त्याच्यावरच थांबला, आता चेहरा. या क्रमात प्रेक्षक त्या माणसाची कीव करत नाही, त्याच्याबरोबर बटण लावतो.

चाल आणि वेळ

खुर्चीतून उठताना वय दिसतं, आणि संकलनात आपण नेमकं तेच कापतो. उठण्याच्या हालचालीवर कट घ्यायची सवय इतकी मुरलेली आहे की सत्तरीचं पात्र विशीच्या वेगानं उभं राहतं. मास्टर शॉटमध्ये (अख्खा प्रसंग टिपणाऱ्या शॉटमध्ये) ती हालचाल पूर्ण टिपा, हाताचा आधार, एक थांबा, मग उभं राहणं. संकलकाच्या हाती ती अखंड द्या. कॅमेऱ्यानं उठणाऱ्या माणसाबरोबर गुळगुळीत वर जाऊ नये. त्यानं थांबावं आणि माणूस चौकटीत वर येऊ द्यावा.

चाल संथ दिसावी म्हणून २५ ऐवजी ३० फ्रेमनं घेण्याची युक्तीही काही जण करतात. मी ती टाळतो. कपड्यांची सळसळ आणि डोळ्यांची उघडझाप यांतून ती पकडली जाते.

काळ बदलतो तेव्हा

एकच पात्र अनेक वयांत दाखवायचं असेल तर भूतकाळ पिवळट करून सुटका होत नाही. ‘ट्रू डिटेक्टिव्ह’च्या २०१९ मधल्या तिसऱ्या पर्वात महर्शला अली यांनी एकच माणूस १९८०, १९९० आणि २०१५ अशा तीन काळांत उभा केला. असं काम हाती आलं तर प्रत्येक काळाची तांत्रिक ओळख चाचणीतच ठरवून घ्या: अंतर कुठलं, फिल किती, कॅमेरा चालतो की थांबतो. आणि एक गोष्ट मुद्दाम तिन्ही काळांत तशीच ठेवा, उदाहरणार्थ तो विचारात पडला की डाव्या बाजूनं दिसतो. बदल कळायला काहीतरी न बदललेलं लागतं.

नटच बदलणार असेल, जसं ‘द क्राउन’मध्ये दर दोन पर्वांनंतर राणी एलिझाबेथचं काम क्लेअर फॉय, मग ऑलिव्हिया कोलमन, मग इमेल्डा स्टाँटन यांच्याकडे गेलं, तर नव्या नटाची पहिली चौकट जुन्या नटाच्या लक्षात राहिलेल्या चौकटीशी जुळवा. तीच उंची, तेच अंतर, तोच कोन. प्रेक्षकाचा डोळा चौकट ओळखतो आणि चेहरा स्वीकारतो.

व्हीएफएक्सनं तरुण करायचं ठरलं असेल तर केस चेहऱ्यावर येऊ देऊ नका, नटाला चौकटीत पुरेसा मोठा ठेवा आणि मान, खांदे, पाठ यांच्या हालचालीकडे नटाचं लक्ष वेधा. संगणक चेहरा बदलून देईल, पाठीचा बाक त्याच्या कामात नाही.

तीन कॅमेरे, कमी वेळ

रोजच्या मालिकेत एकाच वेळी दोन-तीन कॅमेरे चालतात आणि एकाचा समोरचा दिवा दुसऱ्याला बाजूचा पडतो. म्हणजे एकाच क्षणी एका कॅमेऱ्यात पात्र पन्नाशीचं आणि दुसऱ्यात पासष्टीचं. प्रत्येक शॉटला वेगळा दिवा शक्य नाही हे मान्य. म्हणून रोजच्या यादीतून दोन किंवा तीन शॉट निवडा, जिथे वयाचा अर्थ आहे, आणि त्या प्रत्येकासाठी दहा मिनिटं राखून तो एकाच कॅमेऱ्यानं घ्या. बाकीचं मोठ्या मऊ उजेडात होऊन जाईल.

संकलनात मोजा

पहिला कट तयार झाला की आवाज बंद करून बघा आणि मोजा. प्रत्येक पात्राला किती क्लोज-अप मिळाले, किती सेकंदांचे, आणि त्यातले बोलतानाचे किती, नुसते ऐकतानाचे किती. वयस्क पात्रांच्या वाट्याला बहुतेक वेळा दुसऱ्याच्या वाक्यावर मान हलवणं येतं, हे आकडे लिहिल्याशिवाय लक्षात येत नाही. तसं दिसलं तर न वापरलेले टेक पुन्हा उघडा.

मग हा कट घरातल्या साध्या टीव्हीवर लावा, सेटिंग न बदलता. पुष्कळ टीव्ही कारखान्यातून चित्राची धार वाढवूनच येतात. तुमच्या मॉनिटरवर मऊ दिसलेली सुरकुती तिथे रेघ होते. बघून झालं की चाचणीच्या वहीत प्रत्येक महत्त्वाच्या शॉटचं अंतर, लेन्सची उंची, फिलचा फरक आणि फिल्टर लिहून ठेवा. तीन महिन्यांनी त्याच प्रसंगाचा एक तुकडा पुन्हा घ्यायची वेळ येते, टेबल तेच असतं, साडी तीच असते, आणि पांढरं कापड कुठपर्यंत पसरलं होतं हे कुणालाच आठवत नसतं. माझ्या वहीत ते लिहिलेलं आहे: टेबलाच्या कडेपासून बशीपर्यंत.